सर, रिपोर्ट घेऊन तुम्ही परत आलात

नमस्कार सर,

तुम्ही विद्यापीठातली पोरं घेऊन आमच्या गावच्या पाण्याचा अभ्यास केलात, त्याबद्दल फोनवर नीट बोलताच आलं नाही, गळा भरून आला, म्हणून इथे लिहितोय. चार लोकांनी वाचावं म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर.

बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, घरांना कुलपं. तुमच्या आधी एका कॉलेजची टीम आली ती नेमकी जानेवारीत, "दत्तक गाव" म्हणून बॅनर लावला, फोटो काढले, देवळात बसून फॉर्म भरले आणि गेली ती गेलीच. आमच्याबद्दल काय लिहिलं ते आजपर्यंत आम्हाला माहीत नाही. अजून राग येतो. कॉलेजच्या पोरांनी गावात काम करावं म्हणून राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, कॉलेजांनी गावं दत्तक घ्यायचं उन्नत भारत अभियान २०१४ ला आलं, योजनांचा दुष्काळ नाहीच हो, पण आलेला माणूस गावासाठी आलाय की फोटोसाठी हे लोकांना लगेच कळतं.

तुम्ही आधी विचारलंत, ऊसतोडीच्या टोळ्या परत कधी येतात? आणि गुढीपाडव्यानंतर आलात. तुमची पोरं-पोरी भर उन्हात आत टेप सोडून एकेक विहिरीचं पाणी मोजत फिरली. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, पाणी काय ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणून एकाची विहीर भरलेली अन् बांधापलीकडची कोरडी, हे आम्ही नशीब म्हणून सोडून द्यायचो. हेक्टरभर रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, हे एका मुलीने शाळेच्या फळ्यावर मांडलं तेव्हा मागे उभे असलेले बोअरवाले पण गप झाले. हिवरे बाजार गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी आलं किती अन् लागतं किती याचा हिशोब, मांडतात हे ऐकून होतो, आपल्याच शिवाराचा पहिल्यांदा बघितला.

पण मला आयुष्यभर लक्षात राहील ती ग्रामसभा. तुम्ही रिपोर्ट घेऊन परत आलात, सतरंजीवर बसलात, तो मराठीत वाचून दाखवायला लावलात. "गावविहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं" असं पोरगं वाचत होतं आणि मागून आमची आजी बोलली, "कशाचा मार्च बाबा, संक्रांतीलाच तळ दिसतोय." लोक हसले. ती नातवंडं सांभाळत गावातच राहते, हिवाळाभर त्या विहिरीचं पाणी तीच शेंदते, पण तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. तिला पुढे बसवलंत, पुन्हा सांगायला लावलंत, खिशातला पेन काढून सगळ्यांसमोर ती ओळ खोडलीत आणि आजी म्हणाली ते लिहिलंत. नंतर तिलाच विचारलंत, "आता बरोबर आहे का?" सर, एवढा शिकलेला माणूस आपल्याला हे विचारतो हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

विद्यापीठाकडून आम्हाला पैसा नको असतो बघा. तुमच्याकडे शिकलेली पोरं आहेत, मोजायची रीत आहे, ती घेऊन या, आणि जे सापडेल ते आधी आम्हाला सांगा. चांगली माणसं सगळीकडे असतात, त्यांच्यामुळेच चाललंय सगळं.

गावविहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी बोअर घ्यायची नाही असं आता ठरलंय. कायदा होताच, पाळायचं आत्ता ठरलं. दोघं-तिघं नाराज आहेत, बोलतोय त्यांच्याशी. ऊस कमी करून ज्वारी-हरभरा घ्यायला पण काही जण तयार झालेत.

ऑक्टोबरात पुन्हा पाणीपातळी मोजायची आहे. पुढची बॅच पाठवा सर, जेवणाची सोय आमच्याकडे.

तुमचा,
गावातला एक शेतकरी