एका पत्राने वाचवलेला कालवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तुमच्या पुरवणीत लेख येतात, त्यात नायगारा, डिस्ने, व्हाइट हाऊस असतंच, असू दे, पण मेरीलँडमधल्या एका जागेबद्दल कधीच वाचलं नाही म्हणून लिहितोय.

मुलीकडे होतो तेव्हा आम्ही दोघं रोज सकाळी पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या चेसापीक अँड ओहायो कालव्यावर फिरायला जायचो, तिथलं २१ नंबरचं स्वेन्स लॉक आमचं ठरलेलं. लॉक म्हणजे दगडी बांधीव हौद, साधारण १०० फूट लांब, १५ फूट रुंद, दोन्ही टोकांना लाकडी दारं. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा उघडायच्या, पाणी भरत जातं तशी नाव आठेक फूट वर येते आणि पुढे निघते. पंप नाही, इंजिन नाही. दाराची दोन पानं वरच्या अंगाला टोक करून मिटतात त्यामुळे पाण्याचा दाबच ती घट्ट धरून ठेवतो, मी आयुष्यभर पाटबंधाऱ्यात नोकरी केली तरी हे बघताना हात जोडावेसे वाटले.

अशा ७४ लॉकमधून वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाऊन ते मेरीलँडमधलं कंबरलँड १८४.५ मैलांत ६०५ फुटांची चढण. १८२८ ला ४ जुलैला कुदळ पडली, त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचा पण पाया घातला गेला. रेल्वे १८४२ लाच कंबरलँडला पोचली आणि कालव्याला १८५० उजाडलं, तिथेच तो मागे पडला. तरी कोळशाच्या नावा १९२४ च्या पुरापर्यंत चालल्या. नावा खेचरं ओढायची, त्यांची वाट तीच आजची फिरायची वाट. काही लॉकच्या दगडांना दोर घासून चर पडलेत, अगदी आपल्या जुन्या विहिरीच्या काठाला असतात तसे.

आणि हे सगळं बचावलं ते एका पत्रामुळे, वाचकांच्या पत्रव्यवहारातल्या! १९५४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात कालव्याच्या जागेवरून मोटाररस्ता काढायला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच पेपरला लिहिलं, आधी माझ्याबरोबर चालून बघा. मार्चमध्ये संपादक खरंच चालायला गेले, अख्खी वाट डग्लस धरून नऊच जणांनी पूर्ण केली, पण पेपरने बरंचसं मत बदललं, रस्ता बारगळला आणि १९७१ ला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

तर पुढच्या पुरवणीत याला निदान अर्धं पान द्या ही विनंती. वाट सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, फक्त पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो, जुने बूट घालावेत, आणि उजव्या बाजूने चालावं कारण मागून सायकली येतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे