नानांसाठी स्कोप खाली करून दिलात, त्याबद्दल

चापडगावच्या गाईडदादांना,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आलो होतो. मी, माझा नववीतला मुलगा आणि माझे वडील. तुमच्याकडे हिवाळाभर माणसांची रीघ असते, चेहरे लक्षात राहत नसतील. पण ज्या म्हाताऱ्या माणसासाठी तुम्ही प्लास्टिकची खुर्ची उचलून पाण्याच्या कडेपर्यंत आणलीत, ते आमचे नाना. निघताना मी घाईत नुसतं थँक्यू म्हणून गाडीत बसले, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र.

नाना यायलाच तयार नव्हते. आमचं मूळ गाव सायखेड्याजवळ. लहानपणी त्यांचं काम एकच होतं, शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकायचं. "ज्यांना हाकलण्यात बालपण गेलं, त्यांना बघायला आता तिकीट काढायचं?" असं म्हणाले. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून ते नाशिकरोडला आमच्या फ्लॅटमध्ये असतात. दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलतात. चांदोरीच्या पुढे शेतांतून शेकोट्या दिसायला लागल्या, तरी गाडीत कुणी बोलत नव्हतं.

तुम्ही सगळ्यात आधी त्यांचा हात धरलात. "नाना, उतारावर दव पडलंय, सावकाश." मग स्कोपच्या, म्हणजे त्या एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीच्या, स्टँडचे तिन्ही पाय आत सरकवून तो खुर्चीच्या उंचीला आणलात. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना एक डोळा मिटून बघणं जमत नव्हतं. तेव्हा तुम्ही मागे उभे राहून त्यांच्या डाव्या डोळ्यावर स्वतःचा तळहात अलगद धरलात. मला वाटतं, पाचेक मिनिटं तरी तुम्ही तसेच उभे होतात.

स्कोपमध्ये बदक होतं. काळी चोच, तिच्या टोकाला पिवळाधमक ठिपका आणि मुळाशी, कपाळाला लागून, दोन लाल टिकल्या. "हळदी-कुंकू बदक," तुम्ही म्हणालात. नाना बराच वेळ डोळा हलवेनात. मग हळूच म्हणाले, "खरंच की. लावल्यासारखं आहे." इतकी वर्षं त्यांनी हे पाखरू लांबूनच, गोफणीच्या टप्प्यातून पाहिलं होतं.

मधे माझ्या मुलाने एक चूक केली. बदकं उडताना फोटो मिळावा म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या आणि वारकरी पाणपक्ष्यांचा अख्खा थवा पाण्यावर पाय मारत पळत सुटला. तुम्ही रागावला नाहीत. त्याला बाजूला घेऊन तलवार बदकं दाखवलीत आणि सांगितलंत की ही हजारो किलोमीटर उडून, हिमालय ओलांडून येतात. अंगात साठवलेल्या चरबीवरच त्यांचा प्रवास होतो. इथे खाऊन ती पुन्हा भरून काढायची असते, परतीच्या वाटेसाठी. दिवसातून दहा वेळा कुणी उडवलं तर खाणं कमी आणि खर्च जास्त. हिशेबाच्या भाषेत सांगितलंत म्हणून त्याला पटलं. घरी मी इतकं बोलते, त्यातलं काही पोचत नाही.

पण माझे खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी आहेत. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा १९११ च्या सुमारास पुरा झाला, हे तुम्ही मुलाला सांगत होतात. पाणी अडलं की त्याचा वेग मरतो आणि पुराबरोबर आलेला गाळ खाली बसतो. शंभरेक वर्षं गाळ बसून बसून उथळ पाणी, बेटं, पाणकणसाची रानं झाली आणि पक्ष्यांना ती मानवली. इथवर आलात आणि एकदम थांबून नानांकडे वळलात. "नाना, मी हे ट्रेनिंगमध्ये शिकलोय. तुम्ही पाहिलंय. गाळाचं तुम्हीच सांगा."

आणि नाना बोलायला लागले, दादा. गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, १९६९ चा पूर. पाणी ओसरल्यावर मागे राहिलेला चिकण गाळ. त्यात नांगर न घालता केलेली गाळपेर, खताची चिमूट न टाकता आलेला हरभरा, आणि तो हरभरा तोंडाशी आला की त्यावर उतरणारी पाखरं. अर्धा तास तरी बोलत होते. तुम्ही खिशातून छोटी वही काढून लिहून घेत होतात आणि मधे मधे शब्द पुन्हा विचारत होतात. मागे दुसरा ग्रुप तुमची वाट बघत होता, त्यांना तुम्ही हात जोडून थांबवलंत. नाशिकला आल्यापासून नानांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. त्यात मीही आले. गोळी घेतली का, जेवलात का, यापलीकडे मीही काही विचारत नव्हते.

शाळांच्या सहली तुमच्याकडे येतात, त्यांना हे अभयारण्य १९८६ सालचं, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हे सगळं तुम्ही सांगतच असाल. सांगायलाच हवं. पण जमलं तर कधी एखाद्या गावातल्या आजोबांनाही त्या मुलांपुढे खुर्चीवर बसवा. माझ्या मुलाला त्या दिवसातले आकडे थोडे आठवतात, गाळपेर मात्र पूर्ण आठवते. आता तो नानांशेजारी बसून जुन्या गोष्टी विचारतो. परवा बाल्कनीसमोरच्या झाडावर दयाळ बसला होता, तर दोघं दुर्बिणीसाठी भांडत होते.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही घेतले नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी आमच्याकडून डबा तरी घ्याच. जानेवारी संपायच्या आत आम्ही परत येतोय, कारण रोहित पक्षी दिसायचे राहिलेत.

नानांचा एक निरोप आहे, तो त्यांच्याच शब्दांत देते. "त्या पोराला म्हणावं, वहीत हरभऱ्याखाली मसूर पण लिही. गाळात मसूर पण करायचो. सांगायचं राहून गेलं."

आपली,
नाशिकरोडची ताई