पाणीपातळी वाढली, मग आमचा झरा का आटला?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी होती की तालुक्याची भूजल पातळी पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा वर आहे. वाचून बरं वाटलं पण त्याच दिवशी सकाळी आमच्या भोर तालुक्यातल्या वाडीत बायका झऱ्यावर हंडे लावून बसल्या होत्या, म्हणून म्हटलं लिहावंच.

बातमी खोटी नाही हो. भूजल सर्वेक्षणवाले राज्यात हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, पावसाळा संपल्यावर, मग जानेवारी, मार्च आणि मे, आणि त्यावरच टंचाईचा अंदाज निघतो. आमच्या गावातली तशी विहीर मी पाहिलीय, कठड्यावर रंगाने नंबर टाकलाय, माणूस येतो, टेप आत सोडतो, कठड्याची उंची वजा करतो आणि आकडा लिहून घेतो. काम चोख. फक्त ती विहीर आहे खाली ओढ्याकाठी, बंधाऱ्याला लागून, आणि वाडी आहे वर डोंगराच्या कुशीत! बंधारा भरलेला असला की विहिरीला पाणी असणारच ना.

आमच्याकडचा खडक थरांचा आहे. वर मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, भेगांचा खडक, त्यात पावसाचं पाणी मुरतं, खाली काळा पाषाण किंवा लाल गेरूचा थर लागला की पाणी अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या अंगातून बाहेर पडतं, तोच आमचा झरा. म्हणजे वरच्या थरात पाणी किती उरलं हे झराच सांगतो, खालची विहीर काय सांगणार.

मी रिटायर माणूस, वेळ भरपूर, म्हणून ऑक्टोबरपासून दर रविवारी दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन जातो (सूनबाई हसते, हसू दे). ऑक्टोबरात बादली 25 सेकंदात भरायची म्हणजे मिनिटाला 24 लिटर, आणि आता मार्चमध्ये त्याच बादलीला 2 मिनिटं 40 सेकंद लागतात, मिनिटाला पावणेचार लिटर. पंधरा लिटरच्या एका हंड्याला चार मिनिटं झाली आणि मागे वीस हंडे, करा हिशोब. जानेवारीतच धार निम्म्यावर आली होती, तेव्हा कोणी बघितलं असतं तर टँकरचा प्रस्ताव आत्ता धावपळ करून द्यावा लागला नसता.

म्हणून एवढंच म्हणणं आहे की विहिरी मोजताय त्याच चार वेळी डोंगरातल्या वाड्यांचे झरेही मोजा, त्याला मशीन लागत नाही, शाळेतली पोरंसुद्धा करतील. आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, विहिरीच्या आकड्याशेजारी. माझी सहा महिन्यांची वही तयार आहे, कोणाला हवी असेल तर झेरॉक्स देतो.

— एक वाचक, ता. भोर, जि. पुणे