आजोबांची पट्टी आणि रांगणारे पोर

महोदय,

कर्करोगाच्या वेदनांसाठी त्वचेवर चिकटवलेली फेंटानिलची (अफूच्या जातीच्या अतितीव्र वेदनाशामकाची) पट्टी ७२ तासांनी काढली, तरी तिच्यात बरेच औषध उरते. आपण ती चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. रांगणारे पोर तीच तोंडात घालते. मग मूल पेंगते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास मंदावतो. ‘खेळून दमलंय, झोपू द्या’ म्हणेपर्यंत प्राणवायूअभावी मेंदूला इजा होते. काही मुलांत लहान मेंदूला (मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाला) घातक सूजही आढळली आहे. नालोक्सोन हा यावरचा उतारा वेळेत मिळाला तर श्वास परततो, गेलेल्या मेंदूपेशी नाही. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडावी, मुलांच्या हाती लागू देऊ नये, एवढे तरी ती देताना कुणी सांगावे. आमच्याकडे तर (कबूल करते) ट्रामाडॉलच्या (त्याच जातीच्या वेदनाशामकाच्या) गोळ्या बिस्किटांच्या डब्याशेजारीच असत!

– एक आजी, मिरज