माझी फसलेली वही वाचणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

भ्रूणीय मूलपेशींपासून, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या गर्भातील पेशींपासून, चेतापेशी (मज्जासंस्थेच्या पेशी) कशा घडू लागतात, हे मी पुस्तकांत अनेकदा वाचले होते; पण ते खरोखर उमगले, ते आपण शेजारी बसून माझ्या फसलेल्या प्रयोगाची वही पानापानाने वाचलीत तेव्हा. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, असे फार दिवस मनात होते.

तोवर माझी समजूत अशी होती की पेशीला चेतापेशी व्हायला भाग पाडावे लागते, म्हणून मी पेशी वाढवण्याच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, एकामागून एक वृद्धिघटक (पेशींना संकेत देणारी प्रथिने) घालत होते. सॉक्स२ हे प्रथिन दिसले म्हणून मी आनंदले होते, तर ते मूलपेशींतही असतेच, मूलपेशींची खूण असलेले ऑक्ट४ ओसरून चेतामार्गाची खूण असलेले पॅक्स६ उमटले का ते पाहा, असे आपण शांतपणे दाखवून दिलेत. मग आपण विचारलेत, "पेशींना तू काय सांगतेस ते कळले; पण त्यांच्या कानावर आधीपासून जे पडते आहे, ते बंद केलेस का?"

उत्तरासाठी आपण मला १९२४ सालापर्यंत मागे नेलेत. हान्स श्पेमान आणि हिल्डे मॅनगोल्ड यांनी न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या गर्भाचा लहानसा तुकडा दुसऱ्या गर्भावर बसवला, तेव्हा तेथे मज्जारज्जूसह दुसरे शरीर आकार घेऊ लागले. तो तुकडा शेजारच्या पेशींना नेमके काय सांगतो, याचा शोध पुढे कित्येक दशके चालला. १९९० नंतर नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने हाती आली, तेव्हा कळले की ती आज्ञा देत नाहीत, तर पेशींना त्वचेच्या वाटेला लावणाऱ्या बीएमपी या प्रथिनाला धरून ठेवतात, आणि तो संकेत थांबला की गर्भाच्या बाह्यस्तरातील पेशी चेतामार्गाला लागतात. मात्र "आपोआप" हा शब्द सरसकट वापरू नकोस, एफजीएफ या वृद्धिघटकाचा संकेतही लागतो, ही आपली ताकीद मला त्या सगळ्या गोष्टीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

पुढच्या खेपेला मी, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीप्रमाणे, बीएमपी आणि ॲक्टिव्हिन-नोडल हे, पेशींना दुसऱ्या वाटांना नेणारे, दोन्ही संकेतमार्ग एकाच वेळी अडवले. दोन आठवडे होत आले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या एका बारीक पोकळीभोवती उभ्या राहिलेल्या दिसल्या. आपण खुर्ची ओढून घेतलीत आणि एका पेशीवर बोट ठेवून म्हणालात, "हिचे केंद्रक बघ, विभाजनासाठी आत पोकळीकडे आले आहे; विभाजन झाले की पुन्हा बाहेर सरकेल." गर्भातील चेतानलिकेतही, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, हेच घडते, हे मला पाठ होते, तरी त्या क्षणी मला बोलता आले नाही.

पाकळ्यांसारख्या त्या रचनेचे, म्हणजे रोझेटचे, छायाचित्र मी जुन्या वहीत, आपला प्रश्न जिथे लिहून ठेवला होता त्याच पानावर, चिकटवले आहे.

आपली विद्यार्थिनी