रंगीत छायाचित्राखाली एक ओळ वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचे छायाचित्र पानभर आले. छपाई देखणी होती. शाई कुठे पसरली नाही, हे आमच्यासारख्या छापखानेवाल्याला आधी दिसते. खाली ओळ मात्र एवढीच, ‘मंगळावरील निळी वाळू’. संध्याकाळपर्यंत ते पान आमच्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले आणि दोन तट पडले. एक म्हणे, मंगळ तांबडा असतो हे शाळेत उगीच शिकवले. दुसरा म्हणे, ‘हे सगळं फोटोशॉप हाय भावा, नासावाले रंग भरत बसतात.’ दोघांनाही काय बोल लावणार? त्यांना लागणारी माहिती पानावर नव्हतीच.

छायाचित्राच्या श्रेयात हायराइज कॅमेऱ्याचे नाव होते. मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा हा कॅमेरा २००६ पासून मंगळाभोवती फिरतो आहे. साधारण ३०० किलोमीटर उंचीवरून तो मीटरभराची वस्तू ओळखण्याइतके बारीक चित्र घेतो. प्रकाश तीन पट्ट्यांत टिपतो: निळा-हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्रत्येक पट्ट्याचे चित्र मुळात कृष्णधवल. आमच्या ऑफसेट छपाईच्या मशीनवर चार प्लेटा असतात तसेच हे. प्लेटेला स्वतःचा रंग नसतो, कुठल्या प्लेटेला कोणती शाई द्यायची ते मशीनवर ठरते. हायराइजच्या अशा चित्रांत अवरक्त पट्टा तांबड्या रंगात दाखवतात, तांबडा हिरव्यात आणि निळा-हिरवा निळ्यात. त्यावर कॉन्ट्रास्ट ताणतात. एवढे झाल्यावर बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाची, काळपट वाळू शेजारच्या तांबूस धुळीपुढे निळी दिसायला लागते. तिथे उभा राहिलेल्या माणसाला ती काळपट करडीच दिसेल.

तरी याला फसवणूक म्हणता येत नाही. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वर तांबडा जांभा आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. मंगळावर जांभ्यासारखा पाऊसपाण्याचा खेळ नाही, पण बेसाल्ट आणि गंजल्या लोहाची धूळ ही जोडी तिथेही आहे. धूळ कुठे साचली, वाळू कुठे वाऱ्याने नुकतीच हलली, हे साध्या रंगांत सगळे एकाच तपकिरी छटेत बुडून जाते. रंग ताणले की ते सुटे होते. जेझेरो विवरातल्या जुन्या नदीमुखाच्या प्रसिद्ध चित्रात हिरवे दिसते, ती तिथली चिकणमातीची आणि कार्बोनेटी खनिजे. पर्सिव्हरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच विवरात उतरली. चित्राखाली खुलासा नसेल, तर वाचक त्या हिरव्यात शेवाळ शोधणारच.

आमच्या धंद्यातला एक दोषसुद्धा तिथे कामी आला. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलले की छापलेल्या अक्षराला रंगीत कडा येते आणि गिऱ्हाईक गठ्ठा परत करते. हायराइजमध्ये वेगवेगळ्या पट्ट्यांचे सेन्सर एकच जागा क्षणाच्या अंतराने टिपतात. जमीन जागची हलत नाही, पण धुळीची वावटळ तेवढ्यात पुढे सरकते आणि तिचे रंग एकमेकांवर बसत नाहीत. संशोधकांनी त्या सरकलेल्या रंगांवरूनच वावटळीतल्या वाऱ्याचा वेग काढला!

रंग बसवताना चूकही होते, हे मान्य. व्हायकिंग-१ मंगळावर उतरले २० जुलै १९७६ला. दुसऱ्या दिवशी पहिले रंगीत चित्र आले, त्यात आकाश निळसर होते. रंगांचा हिशेब पुन्हा नीट लावल्यावर ते फिकट गुलाबी-तांबूस निघाले. शुक्राची गोष्ट तर आणखी पुढची. १९९० नंतर मॅगेलन यानाने ढगांच्या आडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग रडारने टिपला. रडारला रंग दिसतच नाही. त्या चित्रांतला नारिंगी रंग व्हेनेरा-१३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी १९८२ मध्ये जमिनीवरून पाठवलेल्या चित्रांच्या आधाराने दिला आहे. ज्वालामुखी पर्वतांच्या त्रिमितीय दृश्यांत उंचीही अनेक पटींनी वाढवलेली असते, पण ‘शुक्रावरचा धगधगता पर्वत’ म्हणून ती बिनदिक्कत छापली जातात. याउलट आपल्या मंगळयानाचा कॅमेरा साध्या रंगीत कॅमेऱ्यासारखा तांबडा, हिरवा, निळा टिपणारा होता. त्याची २०१४ची चित्रे आणि हायराइजची चित्रे शेजारी शेजारी छापून ‘खरा मंगळ कोणता?’ असे विचारणे म्हणजे वाचकाला कोड्यात टाकणे आहे.

माझी मागणी छोटी आहे. अशा छायाचित्राखाली ‘रंग वाढवलेले, अवरक्त प्रकाश तांबडा दाखवला आहे’ किंवा ‘रडारचे चित्र, रंग नंतर दिलेला’ एवढे छापावे. मूळ संस्था अशी माहिती बहुतेक वेळा चित्रासोबतच देतात, बातमी इथवर येईपर्यंत ती गळते. जागेची अडचण मी जाणतो. अशा वेळी चित्र वरून अर्धा सेंटिमीटर कापा. त्यात मंगळाची दोन-चार दगडे कमी झाली तर आमची काही तक्रार नाही.

आपला,
एक छापखानेवाला वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर