रिकामे उत्तर म्हणजे ‘नाही’ नव्हे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वर्कफ्लोच्या फाट्यांवर अडकणाऱ्या टास्कबाबत तक्रार

महोदय / महोदया,

आमची कंपनी पगाराचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर पुरवते. नवा ग्राहक आला की करारापासून पहिला पगार निघेपर्यंतची सगळी कामे आम्ही तुमच्या ऑनबोर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लावतो. एकापाठोपाठ एक चालणारी सरळ कामे ते नीट सांभाळते, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण त्यातला महागडा प्लॅन आम्ही घेतला तो अटींनुसार फुटणाऱ्या वर्कफ्लोसाठी, म्हणजे फॉर्मवरच्या उत्तराप्रमाणे कामांची वाट (फाटा) आपोआप निवडणाऱ्या सोयीसाठी, आणि नेमका तोच भाग तोंडघशी पाडतो.

आमच्या सुरुवातीच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे : ‘जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा आणायचा आहे का?’ ‘हो’ म्हटले तर डेटा मागवणे, तो तपासणे, चाचणी आयात आणि ग्राहकाची मंजुरी अशी चार टास्क उघडतात. ‘नाही’ म्हटले तर कर्मचाऱ्यांची यादी हाताने भरायची. दोन्ही वाटा पुढे ‘पहिल्या पगाराची चाचणी’ या टास्कला मिळतात.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाने हा प्रश्न रिकामा सोडला. आयटीवाल्यांना विचारून कळवतो म्हणाले, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने मात्र रिकाम्या उत्तराला ‘नाही’ धरले आणि यादी भरायचे टास्क त्यांच्याकडे पाठवून दिले. नवव्या दिवशी त्यांनी उत्तर ‘हो’ केले. काहीच हलले नाही, कारण अट फॉर्म पहिल्यांदा जमा होतो तेव्हा एकदाच तपासली जाते. ही गोष्ट सेटिंगच्या पानावर कुठेही लिहिलेली नाही.

तुमच्या सपोर्टने सांगितले, दुसरा फाटा हाताने सुरू करा. तसे केले. चारही टास्क उघडली ती लाल रंगातच! त्यांची मुदत प्रोजेक्ट सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजली जात होती, टास्क उघडल्यापासून नव्हे. जन्मतःच उशीर. त्याच सकाळी ग्राहकाला ‘मुदत उलटली’ असे चार मेल गेले. त्यांच्या हिशेब विभागाच्या प्रमुखांनी मला फोन केला : ‘हे काम आम्हाला आज पहिल्यांदा दिसतंय, आणि उशीर आमचाच का?’ मी माफी मागितली. दुसरे काय बोलणार?

इथेही संपले नाही. यादी भरण्याचे टास्क आम्ही मध्येच वगळले. फाटा सुरुवातीलाच वगळला गेला, तर पुढचे टास्क त्याची वाट बघत नाही; मध्येच वगळला, तर मात्र त्यातली टास्क अपूर्णच मानली जातात. त्यामुळे डेटा आला, मंजुरी मिळाली, तरी पगाराच्या चाचणीचे टास्क कुलूपबंद! शेवटी जे काम करायचेच नव्हते, ते ‘पूर्ण’ अशी खोटी खूण करून आम्ही कुलूप उघडले. उद्या कोणी नोंदी तपासल्या तर त्या खोट्याचा जाब आम्हीच देणार.

फॉर्ममध्ये ‘अजून ठरलेले नाही’ हा तिसरा पर्याय टाकण्याचा सपोर्टचा सल्ला चांगला होता, तो आम्ही लगेच अमलात आणला. पण टेम्प्लेटमधली, म्हणजे ज्यावरून प्रत्येक ग्राहकाचा प्रोजेक्ट तयार होतो त्या साच्यातली दुरुस्ती चालू प्रोजेक्टपर्यंत पोहोचत नाही. टेम्प्लेटने चालू कामात आपोआप हात घालू नये, हे मलाही पटते. विचारून बदल लावायची सोय तरी हवी ना? ती नसल्याने आम्ही 11 प्रोजेक्ट एकेक करून उघडून दुरुस्त केले. शिवाय फाटा बरोबर फुटतो का हे आधी पडताळून बघायची जागाच नाही, म्हणून आम्ही खोटे ग्राहक तयार करून चाचणी घेतो. असे सात ग्राहक सध्या आमच्याकडे आहेत आणि महिन्याच्या अहवालात ‘रखडलेले’ म्हणून इमानाने मोजले जातात.

आमची मागणी अशी : रिकाम्या उत्तरावर फाटा थांबून राहावा, उत्तर बदलल्यास आम्हाला विचारून अट पुन्हा तपासली जावी, मुदत टास्क उघडल्यापासून मोजता यावी, आणि वगळलेले टास्क केव्हाही वगळले तरी पुढची वाट अडवू नये. यातले काय आणि कधी होणार, हे 15 दिवसांत लेखी कळवा. ‘तुमची सूचना टीमपर्यंत पोहोचवली आहे’ हे उत्तर मला तीनदा मिळाले आहे; चौथ्यांदा नको.

हे होईपर्यंत आमच्याकडून साध्या प्लॅनचेच पैसे घ्यावेत आणि गेल्या महिन्याचा फरक पुढच्या बिलात वळता करावा. सपोर्टकडे नोंदवलेल्या तिन्ही तक्रारींचे (तिकिटांचे) क्रमांक आणि त्या चार मेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
ग्राहक ऑनबोर्डिंग विभागप्रमुख